खालची टाकी

रावपुऱ्यात एक सराफ होते. चार पिढ्या बडोद्यात काढलेल्या, घरात मराठी आणि गल्ल्यावर गुजराती. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. पेढी नव्याने सजवली तेव्हा त्यांनी दर्शनी भिंतीला खाऱ्या पाण्याची पाच फुटी टाकी बसवून घेतली. आई-मावश्या पाटल्या-बांगड्या बघत बसल्या की पोरं भुणभुण लावतात. टाकीपुढे ती गप्प होतात, आणि पोर गप्प असलं की गिऱ्हाईक उठत नाही, असा त्यांचा हिशेब. तो बरोबरही निघाला. नारिंगी क्लाउनफिशची जोडी, निळे डॅमसेल आणि सगळ्यांत देखणा एक पिवळाधमक टँग. प्रवाळ पाळायला वन्यजीव कायद्याची बंदी, म्हणून आतले खडक तेवढे कृत्रिम.

टाकीखाली सागवानी कपाट आणि कपाटात दुसरी टाकी. तिला संप म्हणतात. वरचं पाणी ओसंडून पाइपाने खाली येतं, कापडी पिशवीतून गाळलं जातं, स्किमरमध्ये बारीक बुडबुड्यांनी घुसळलं जाऊन त्यातला मळ फेसावाटे निघतो, पुढे सच्छिद्र सिरॅमिकच्या कड्यांमधून ते झिरपतं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर चढवतो. वरचा समुद्र जगतो तो या कपाटाच्या जिवावर.

कपाट सांभाळायला दर मंगळवारी नाना येत. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात त्यांनी प्रयोगशाळेत नोकरी केलेली. आले की चप्पल दाराशी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि माणूस कपाटात अर्धा आत. पिशवी बदलायची. स्किमरच्या पेल्यात साठलेलं काळ्या चहासारखं उग्र वासाचं पाणी ओतून द्यायचं. तळाचा गाळ नळीने ओढायचा, पण एका वेळी एकाच कप्प्यातला. कड्यांवर फार मळ बसला तर काढलेल्याच खाऱ्या पाण्याच्या बादलीत त्या दोनदा हलकेच हलवायच्या. नळाच्या पाण्याला शिवू द्यायच्या नाहीत. साबण तर कपाटाच्या आसपासही नको. अधूनमधून पंप व्हिनेगरमध्ये बुडवून त्यावरचा चुन्याचा थर काढायचा. शेवटी पंपाच्या कप्प्यातली पातळी बघायची. पाण्याची वाफ होते, पण वरची टाकी ओसंडीपर्यंत भरलेलीच दिसते. घट कळते ती खाली. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या आरओच्या पाण्याची.

भाऊसाहेबांना यातलं काही दिसत नसे. त्यांना दिसे तो काच पुसणारा दुकानातला पोऱ्या. एका मार्चअखेरीस हिशेब तपासताना नानांच्या नावावर बोट थांबलं. “काच तर पोऱ्या पुसतो. नाना काय करतात?” सूनबाई म्हणाल्या, “बाबा, ते खालचं बघतात.” “खालचं बघायला कोण येतं?”

या प्रश्नावर रावपुऱ्यात बसून हसू येतं. इथला चिमणाबाई टॉवर १८९६चा. येणारा-जाणारा त्याचा फोटो काढतो, पत्ता सांगताना लोक त्याचं नाव घेतात. सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून शहराला पाणी आणलं ते त्याच्या चार वर्षं आधी, १८९२मध्ये. त्या नळांचा फोटो काढायला कोण जातं?

असो. नानांना नमस्कार झाला. नाना जाताना पोऱ्याला एवढंच म्हणाले, “भर गोड्या पाण्याची घाल बरं का.” पोऱ्याने मान डोलावली आणि खारी टाकी म्हणून मीठ कालवलेलं पाणी ओतत राहिला.

काही आठवडे काहीच बिघडलं नाही. अशी कामं थांबवली की लगेच काही बिघडत नाही, आणि माणूस तिथेच फसतो. मग पिशवी तुंबली आणि पाणी न गाळताच तिच्या काठावरून जाऊ लागलं. स्किमरचा पेला भरून काढलेला मळ परत पाण्यात उतरू लागला. तळाला बोटभर तपकिरी गाळ जमला, वर काचेवर शेवाळं धरलं, आणि पोऱ्या दिवसातून दोनदा काच घासू लागला. भाऊसाहेबांनी त्याच्या मेहनतीचं कौतुक केलं. दसऱ्याच्या सुमारास मात्र एका गिऱ्हाईक बाईंनी नाकाला पदर लावला.

आता भाऊसाहेब खडबडून जागे झाले. धनत्रयोदशी तोंडावर. कोणीतरी एक माणूस सुचवला, जो एका दिवसात सगळं चकाचक करून देतो. रमा एकादशीला तो आला. त्याने संप रिकामा केला, पाणी गटारात सोडलं, काथ्या आणि पावडर घेऊन काचा घासल्या, सिरॅमिकच्या कड्या मोरीत नळाखाली धरून दुधासारख्या पांढऱ्या केल्या. कपाट उघडून दाखवलं तेव्हा सगळे बघत राहिले.

त्याच वेळी वरच्या मजल्यावर, कारखान्यात, दुसरा व्यवहार चालला होता. झारेकरी आला होता. गुजरातीत त्याला धूळधोया म्हणतात. कारागिरांच्या पाटाखालची वर्षभराची झाडलोट, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, फुटक्या मुशींचे तुकडे, जुनं पायपुसणंसुद्धा पिंपात साठवलेलं. झारेकरी ते विकत नेतो आणि धुऊन, गाळून सोन्याचा कण न् कण काढतो. भाऊसाहेब मूठभर धूळ हातावर घेऊन अंगठ्याने पसरत होते. “अरे, यंदा पॉलिशचं काम किती झालं, माहीत आहे? त्या भावात नाही देणार.” घासाघीस तासभर चालली. खाली मोरीतून तपकिरी पाणी वाहत होतं.

धनत्रयोदशीच्या सकाळी मासे पाण्याच्या पृष्ठाशी येऊन तोंडं उघडत होते. कल्ले भराभरा हलत होते. पाणी मात्र कधी नव्हे इतकं नितळ. दुपारी टँग कलंडला. गिऱ्हाइकांची रीघ लागलेली, आणि एक मुलगी ओरडून विचारतेय, “मम्मी, ए ऊंघे छे?”

सूनबाईंनी कोणाला न विचारता नानांना फोन केला.

नाना आले, पँट दुमडली, चाचणीच्या नळीत पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पिवळ्याचं हिरवं, हिरव्याचं गडद हिरवं. “अमोनिया,” ते म्हणाले. मग एक पांढरीशुभ्र कडी उचलून त्यांनी नखाने खरवडली. “या कुणी धुतल्या?”

“घाण होती हो, नाना,” भाऊसाहेब म्हणाले. “वास येत होता.”

“तळाला होती ती घाण. ती दर मंगळवारी मीच काढत होतो. या कड्यांवर होती ती वस्ती. माशाच्या विष्ठेतून, उरल्या खाण्यातून अमोनिया सुटतो. यांच्यावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. ते जिवाणू साबणाने, नळाच्या क्लोरीनने गेले. मासे होते तेवढेच आहेत, त्यांच्यामागे निस्तरणारं कोणी उरलं नाही.”

कोणी काही बोलेना. जिन्यात उभा असलेला जुना कारागीर तेवढा हळूच म्हणाला, “शेठ, आना माटे पण धूळधोयाने बोलाववो हतो ने?”

पेढीवर शेठला असं बोलायची रीत नव्हती. पण भाऊसाहेब चिडले नाहीत. त्यांनी नानांच्या हातातली कडी घेतली आणि, सवय जात नाही, अंगठ्याने चोळून पाहिली.

नानांनी मीठ मोजून कालवलेलं नवं पाणी घालून एक तृतीयांश पाणी बदललं, खाणं बंद केलं, अमोनिया बांधणारं औषध टाकलं. घरच्या टाकीतला एक कळकट, भुरा स्पंज ओल्या पिशवीत गुंडाळून आणला होता, तो कड्यांच्या मधोमध ठेवला. भाऊसाहेबांनी त्या स्पंजकडे पाहून तोंड उघडलं आणि मिटलं. क्लाउनफिशची जोडी वाचली. डॅमसेल गेले.

कपाटाची किल्ली नानांनी सूनबाईंकडे दिली. पिशवी कशी बदलायची, पातळीची खूण कुठे, हे त्यांना आणि पोऱ्याला हात धरून शिकवलं. पगाराचा विषय भाऊसाहेबांनीच काढला. या वेळी घासाघीस केली नाही.

भाऊबीज झाल्यावर मात्र त्यांना राहवेना. “नाना, लग्नसराई आली. टाकी अशी ओकीबोकी बरी नाही दिसत. पुढच्या आठवड्यात एक पिवळा मासा आणू या?”

“अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकू देत. त्याला महिना-दीड महिना लागतो,” नाना कपाटातूनच म्हणाले. “संक्रांतीनंतर बघू. आणि आणायचा तो एकच.”