लाल सिग्नलपाशी दोन मिनिटं

रात्री मीरा रोड सोडून लोकल भाईंदरकडे निघाली आणि पुढचा स्वयंचलित सिग्नल लाल मिळाला, तर मोटरमननं काय करायचं हे रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. गाडी थांबवायची. दिवसा एक मिनिट, रात्री दोन मिनिटं वाट पाहायची. तरी सिग्नल बदलला नाही, तर समोर काही दिसताच थांबता येईल इतक्या बेतानं पुढे सरकायचं. हे पाळलं जातं का, हे पाहायला लोको इन्स्पेक्टर कधी केबिनमध्ये येऊन बसतो, तर कधी न कळवता रुळांच्या कडेला उभा राहतो. रेल्वेतली माणसं याला ‘अँबुश चेक’ म्हणतात. समजा, एका मोटरमननं दोन मिनिटांऐवजी पन्नास सेकंदांतच गाडी हलवली आणि ते इन्स्पेक्टरच्या वहीत उतरलं. पुढे काय व्हावं?

शिक्षेची वाट तयारच आहे. १९६८ च्या शिस्त व अपील नियमांखाली किरकोळ शिक्षेसाठी एसएफ-११, मोठ्या शिक्षेसाठी एसएफ-५. वेतनवाढ थांबते, बढती लांबते. सिग्नल ओलांडण्यासारखी गंभीर चूक असेल तर नोकरीही जाते. रेल्वेत समुपदेशन नाही असं नव्हे. मोटरमनला शिकवणं, त्याच्या उणिवा दाखवणं हे लोको इन्स्पेक्टरचं कामच आहे. अडचण अशी, की शिकवणारा आणि वरिष्ठांकडे नाव कळवणारा माणूस एकच. अशा माणसापुढे कोण मन मोकळं करेल?

ते पन्नास सेकंद का झाले, हे कुणालातरी कळायला हवं. मागून दुसरी लोकल येते आहे, पुढच्या फलाटावर गर्दी दाटली आहे, उशिराचा जाब त्यालाच द्यायचा आहे. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर रोज १,४०० च्या आसपास फेऱ्या धावतात. तिथे दोन मिनिटं ही फार मोठी गोष्ट असते. किंवा तो सिग्नल वरचेवर उगाच लाल राहतो आणि हे सगळ्या मोटरमनना ठाऊक आहे, फक्त कागदावर कुठे नाही. चार्जशीट हातात पडली की यातलं काहीच वर येत नाही. युनियनमधला अनुभवी माणूस उत्तराचा मसुदा सांगतो, मोटरमन सही करतो, ‘पुन्हा असे होणार नाही’ एवढं फाइलला लागतं. सिग्नल तसाच राहतो. माझा शिक्षेवरचा मुख्य आक्षेप हाच आहे. ती कठोर आहे हे दुय्यम. ती माहिती मारते, आणि त्या माहितीवर आपल्या सगळ्यांचे जीव अवलंबून आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मध्य रेल्वेच्या एका मोटरमनचा रुळांवर मृत्यू झाला. त्याच्या हातून लाल सिग्नल ओलांडला गेला होता आणि कारवाईच्या धास्तीनं तो खचला होता, असं सहकाऱ्यांचं म्हणणं होतं. अंत्यसंस्काराला इतके मोटरमन गेले, की त्या दिवशी अनेक लोकल रद्द कराव्या लागल्या. त्याआधी काही दिवस, २२ जानेवारीच्या रात्री, भाईंदरच्या खाडीपलीकडे नायगाव–वसई रोड दरम्यान सिग्नलचा बिघाड दुरुस्त करायला गेलेले तिघे कर्मचारी लोकलखाली सापडले. त्यांत एक वरिष्ठ निरीक्षक होते. नियम पाठ नसलेला माणूस त्या पदापर्यंत पोचत नाही. अंधारात, चालू वाहतुकीत, बिघाड लवकर काढायच्या घाईत काम कसं चालतं, हे त्या कामावरची माणसंच सांगू शकतात. ती निर्धास्तपणे सांगतील अशी जागा हवी.

पण शिक्षेला प्रशिक्षण असं नाव दिलं की झालं, असं मानणाऱ्यांनी जपानकडे पाहावं. तिथल्या जेआर वेस्ट कंपनीत चुकलेल्या चालकाला ‘निक्किन क्योइकु’साठी पाठवत. नावाला ते शिक्षणच होतं. प्रत्यक्षात दिवसभर वरिष्ठांसमोर बसून कबुलीचे अहवाल लिहायचे, बोलणी खायची, काहींना गवतही उपटायला लावत. २५ एप्रिल २००५ रोजी अमागासाकीजवळ २३ वर्षांच्या एका चालकानं ७० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी ताशी ११६ च्या वेगानं नेली. त्याच्यासह १०७ जण गेले. आधीच्या स्थानकात त्याची गाडी थांब्यापुढे गेली होती आणि दीडेक मिनिटाचा उशीर झाला होता. हे शिक्षण त्यानं पूर्वी एकदा भोगलं होतं. गार्ड नियंत्रण कक्षाला काय सांगतो आहे इकडे त्याचं लक्ष लागलं असावं, असं चौकशीत पुढे आलं. चालकाचं लक्ष रुळांवर हवं. भीतीनं ते वायरलेसकडे नेलं.

अमेरिकेत विमानवाहतुकीनं दुसरा मार्ग १९७६ मध्येच धरला. वैमानिकांनी आपल्या चुका कळवायच्या त्या नियामकाकडे नव्हे, नासाकडे. नाव गुप्त राहतं. २००७ मध्ये तिथल्या रेल्वेनं नेब्रास्कातल्या नॉर्थ प्लॅटपासून थोडक्यात टळलेल्या अपघातांसाठी तसाच प्रयोग सुरू केला.

दारू पिऊन कामावर आलेला, संरक्षक यंत्रणा जाणूनबुजून बंद करणारा यांना अभय द्यावं असं मी म्हणत नाही. तिथे शिक्षा हवीच. बाकीच्यांसाठी मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या लेखनातून पसरलेली एक कसोटी मला पुरेशी वाटते: त्याच जागी, त्याच वेळी, तितकाच तयार दुसरा माणूस असता तर तोही असाच वागला असता का? उत्तर ‘हो’ असेल, तर दोष माणसाला लावून काही सुधारत नाही.

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१२ मध्ये रेल्वेपासून स्वतंत्र अशा वैधानिक सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली होती. ते कधी होईल याची वाट न पाहता विरार मार्गापुरती सुरुवात करता येईल. अँबुश चेकमध्ये सापडलेल्या पहिल्या साध्या चुकीला चार्जशीट नको. त्या मोटरमनशी बोलायला निवृत्त मोटरमन नेमावेत, ज्यांच्या हाती त्याची बढती नाही आणि ज्यांची टिपणं चौकशीत वापरता येणार नाहीत. त्या बोलण्यातून निघालेले बिघाड नावांशिवाय दर महिन्याला मोटरमन लॉबीत लावावेत. कुठला सिग्नल, कुठलं वळण, कुठलं वेळापत्रक, आणि दुरुस्तीची तारीख. मीरा-भाईंदरच्या प्रवासी संघटना पंधरा डब्यांच्या गाड्या मागतात, जादा फेऱ्या मागतात. त्यांच्या पुढच्या निवेदनात ही मागणीही असावी.