प्रतिमा आणि संमति

दुसऱ्याची प्रतिमा घेण्याचा अधिकार मनुष्यास कोठून प्राप्त होतो? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु नीतीच्या दृष्टीनें तो तसा नाहीं. त्याचा विचार करतांना आम्हांस एडिंबरा येथील डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल व रॉबर्ट ॲडमसन या जोडीचें स्मरण होतें.

1843 सालीं स्कॉटलंडच्या चर्चमध्यें फूट पडून शेंकडों धर्मोपदेशक आपल्या वेतनावर पाणी सोडून बाहेर पडले. तो प्रसंग एका भव्य चित्रांत रंगवावा असें चित्रकार हिल याच्या मनानें घेतलें, आणि इतके चेहरे टिपण्यासाठीं त्यानें तरुण छायाचित्रकार ॲडमसन याचें साहाय्य घेतलें. चित्र पुरें होण्यास 1866 साल उजाडलें. ॲडमसन 1848 मध्यें, अवघ्या सव्वीस वर्षांचा असतां, वारला. परंतु तेवढ्या अवधींत दोघांनीं सुमारें 3000 छायाचित्रें घेतलीं. आज त्यांची कीर्ति या छायाचित्रांवरच उभी आहे.

त्यांच्या कॅमेऱ्यापुढें एडिंबऱ्याच्या प्रतिष्ठित समाजांतील स्त्रीपुरुष आले, तशाच जवळच्या न्यूहेवन गांवच्या कोळणीही आल्या. लेडी रुथव्हेन पाठमोरी उभी आहे. पाहणाराची नजर तिच्या वस्त्राच्या नाजूक जाळीवर खिळते. एलिझाबेथ हॉल या कोळणीची दृष्टि खालीं वळलेली आहे. दोघींसही नियम एकच होता. त्या काळच्या कॅलोटाइप पद्धतींत उन्हांत बराच वेळ निश्चल राहावें लागे. हाललें कीं प्रतिमा बिघडली. म्हणजे समोरची व्यक्ति त्या कृतीची भागीदारच होती.

कोणी म्हणेल, प्रतिष्ठित गृहस्थापुढें गरीब कोळणीची संमति कितपत मोकळी असणार? आक्षेप रास्त आहे. संकोचानेंही मनुष्य स्तब्ध राहतो. तथापि नकाराचें एक साधन तिच्या हातीं होतें: तिनें नुसती मान हालविली असती तरी पुरे होतें. आज क्षणार्धांत, नकळत छायाचित्र निघतें, आणि तेंही साधन नाहींसें झालें आहे. यंत्राच्या मंदगतीमुळें जी मर्यादा आपोआप पाळली जाई, ती आतां आपल्या विवेकानेंच पाळली पाहिजे.

जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन यानें 1931 मध्यें न्यूहेवनच्या कोळणीच्या चित्राविषयीं लिहितांना म्हटलें कीं, तेथें एकदां जगलेली ती स्त्री आपलें नांव विचारलें जावें असा हट्ट धरते. आम्हांस हा हट्ट न्याय्य वाटतो. चित्रांतील कौशल्याचें श्रेय कलावंतानें खुशाल घ्यावें. मुखावरील सत्ता मात्र ज्याचें मुख त्याचीच. ती उसनी घेण्यापूर्वीं विचारणें हें सौजन्य खरें, पण त्याआधीं तें ऋण आहे.