हौसेनं घडवलेलं आणि आपली दाद

संध्याकाळची कामं उरकली की जरा बसा. तासगावात या वेळी पेठेतली वर्दळ ओसरलेली असते, गणपती मंदिराचं सात मजली गोपुर अंधारात नुसतं आकारावरून ओळखू येतं. डोळे मिटायची गरज नाही. घरात पडून असलेला जुना संगणक आठवा. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, त्यानं नवा लॅपटॉप घेतला, आणि हा इथंच राहिला. नवी विंडोज त्याला झेपत नाही, भंगारात घालायला मन होत नाही.

त्यावर विंडोजच्या जागी हायकू नावाची प्रणाली चालू आहे असं समजा. करड्या खिडक्या, आणि समोर चालू असलेल्या खिडकीच्या डाव्या कोपऱ्यावर नावापुरता पिवळा तुकडा. ही प्रणाली कुठून आली ते सावकाश आठवू.

1990 साली अमेरिकेत बी नावाची कंपनी निघाली. तिनं घडवलेल्या बीओएसची ओळखच गाणी आणि चित्रफिती हाताळणारी प्रणाली अशी होती. त्या काळच्या यंत्रांवर एकाच वेळी अनेक चित्रफिती न अडखळता चालवून दाखवल्या की बघणारे थक्क होत. 2001 मध्ये पाम कंपनीनं तिची मालमत्ता विकत घेतली आणि बीओएसचं काम थांबलं. ज्यांचा त्यावर जीव होता ते मात्र थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी तशीच प्रणाली नव्यानं लिहायला घेतली. 2004 मध्ये तिला हायकू हे नाव मिळालं. बीओएसच्या ब्राउझरमध्ये एखादं पान उघडलं नाही की चूक कळवणारा संदेश हायकू कवितेच्या रूपात यायचा, त्याची ती आठवण. पहिली अल्फा, म्हणजे कच्ची, आवृत्ती 2009 मध्ये आली, पहिली बीटा, म्हणजे चाचणीची, 2018 मध्ये, पाचवी बीटा 2024 मध्ये.

ही वर्षं भरभर मागं टाकू नका. काम सुरू झालं त्या वर्षी जन्मलेलं मूल पाचव्या बीटापर्यंत पदवी घेऊन बाहेर पडलं असेल. एवढा काळ बहुतेकांनी आपापली नोकरी सांभाळून, रात्री जागून ओळी लिहिल्या. त्यातला कुणी तासगावचं नाव ऐकून नसेल. तरी त्याचं काम तुमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर चालू आहे, आणि त्यासाठी तुम्ही एक रुपयाही मोजलेला नाही.

आता कल्पना करा, या प्रणालीतल्या गाणी-चित्रफिती लावायच्या खिडकीचं रूप बदललं. बटणं हलली, गाण्यांची यादी दुसरीकडं गेली. तुमचा हात सवयीनं जुन्या जागी जातो, आणि तिथं काही नसतं. मनात पहिलं काय उमटतं? "चांगलं चाललं होतं, कशाला हात लावला?" हे वाक्य दाबू नका, त्याची लाजही बाळगू नका. हाताला लागलेली सवय मोडली की माणूस चिडतो. फक्त ते वाक्य लगेच कुणाला पाठवू नका. थोडा वेळ त्याच्याजवळ बसा.

असं दुसरीकडं खरोखर घडलेलं आहे. लिनक्स या अशाच मोफत प्रणालीवर गाणी ऐकणाऱ्यांचा अमारोक नावाचा लाडका कार्यक्रम होता. त्याच्या 1.4 आवृत्तीत गाण्यांची यादी ऐसपैस पसरलेली असे. डिसेंबर 2008 मध्ये दुसरी आवृत्ती आली. तिच्यात गायकाची, गाण्याची माहिती मधोमध आली आणि यादी उजव्या बाजूला अरुंद जागेत गेली. आधीच्या काही सोयीही नव्हत्या. वापरणारे भडकले. काहींनी नुसता राग काढला. काहींनी जुन्या 1.4 चं रूप समोर ठेवून स्वतःच काम सुरू केलं, आणि 2010 मध्ये क्लेमेंटाइन आलं. पुढं त्यातूनच स्ट्रॉबेरी निघालं. माझं मत सांगतो: 2008 मधली ती तक्रार खरी होती. यादी हाच ज्याच्या ऐकण्याचा गाभा, त्याची यादी आक्रसली तर तो बोलणारच. पण रात्री जागणाऱ्या माणसाला "सगळं बिघडवून ठेवलंत" एवढंच लिहून काय हाती लागतं?

आपल्या गावात बेदाण्याचे सौदे होतात. व्यापारी मूठभर बेदाणा हातात घेतो, रंग बघतो, मण्याचा आकार सारखा आहे का बघतो, दाबून ओल किती राहिली ते बघतो, मग भाव बोलतो. शेतकऱ्याला भाव पटो न पटो, माल हाताळून भाव बोलला गेला हे त्याला कळतं. नव्या खिडकीवरचं आपलं मत असं हाताळून आलेलं आहे का? तीच खिडकी आठवडाभर वापरली का? नेमकं कुठं अडलं?

इथं एका बारीक गोष्टीकडं लक्ष द्या, कारण माझ्या मते सगळं इथं येऊन ठरतं. चित्रपट लावला आहे, खाली मराठी उपशीर्षकं आहेत. 'किल्ला' हा शब्द येतो. आपण वाचतो तेव्हा ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधी दिसते. संगणक मात्र आधी 'क' साठवतो, मग वेलांटी. पडद्यावर आणताना तिची जागा फिरवावी लागते. पुढचा 'ल्ल' जोडावा लागतो. 'सूर्य' लिहिताना साठवणीत आधी आलेला 'र' पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवावा लागतो. ज्या कार्यक्रमाला हे शिकवलेलं नसतं तिथं वेलांटी भलत्या बाजूला पडते आणि जोडाक्षराचा पाय मोडून हलन्त उघडा दिसतो. आपण हे संगणकावर वर्षानुवर्षं पाहिलं आहे आणि "चालायचंच" म्हणून सोडून दिलं आहे.

ज्याला देवनागरी येत नाही त्याला ती चूक दिसूच शकत नाही. त्याच्या डोळ्यांना बरोबर 'किल्ला' आणि मोडका 'किल्ला' सारखेच. त्याचा दोष नाही. आठवी-नववीतलं इथलं पोर जे एका नजरेत पकडतं, ते परदेशातला कसलेला कारागीर कितीही रात्री जागला तरी त्याच्या नजरेतून सुटतं. मग आपलं सांगणं हा त्या कामातलाच एक भाग झाला. ते आपण केलं नाही तर तेवढं काम कोण करणार?

घडवणाऱ्याकडूनही अपेक्षा आहेच. जुनी सोय काढताना कारण सांगावं, आणि वापरणारा कळवळून सांगतो तेव्हा ते ऐकून घ्यावं. आपण पैसे दिले नाहीत म्हणून आपला शब्द हलका ठरत नाही. वेळ आपणही दिला आहे, सवय आपलीही मोडली आहे.

मघाचं चिडकं वाक्य पुन्हा मनात आणा. त्यातला जाळ कमी झाला असेल. त्याच्या खाली काय होतं ते आता नीट दिसेल. कदाचित वेलांटी असेल, कदाचित हरवलेली यादी असेल, कदाचित काहीच नसेल, नुसता नवेपणाचा त्रास असेल. तो असेल तर आणखी थोडे दिवस द्या.

काही सापडलं असेल तर ते घडवणाऱ्यांना लिहून पाठवा. मी काय करत होतो, काय झालं, काय व्हायला हवं होतं, एवढं पुरे. पडद्याचं चित्र जोडा. मोडलेला शब्द बरोबर कसा दिसतो ते शेजारी दाखवा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. अडलात तर सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स गट आहे, मुलांना विचारा. आणि त्या खिडकीतलं काही आवडलं असेल तर तेही त्याच पत्रात लिहा, पहिल्याच ओळीत.