पुट्टीखालचा गंज

चांगल्या पत्र्यावर हातोडी मारली की तो टणकन वाजतो. गंजलेला थप्प करतो. आणि पुट्टी भरलेला मुकाच राहतो. हे मला मागच्या उन्हाळ्यात नगर रस्त्यावरच्या एका मिस्त्रीने शिकवलं. शिकायचं वय नव्हतं, पण वेळ आली होती.

जीप आमच्या आबांची. महिंद्राची, १९७४ची, उंच बॉनेटची, स्टेअरिंग डावीकडे. या कंपनीने १९४७ साली विलीज जीपा आपल्याकडे जुळवायला सुरुवात केली, त्याच जातीतली ही. तिने नगरला कांदा नेला, वऱ्हाडं नेली, अडलेल्या बाया रात्री-अपरात्री तालुक्याला पोचवल्या. पण जास्त करून वाहिली ती खताची पोती. पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच. फाटक्या पोत्यातून ते सांडायचं, तळाच्या खाचेत बसायचं, ओल धरायचं आणि पत्रा खायचं. आमचा जिल्हा पर्जन्यछायेतला, कोकणासारखी खारी हवा इथं नाही. इथल्या गाड्या सहसा गंजून मरत नाहीत. आमची जीप आम्हीच खाऊ घातली.

धाकट्याच्या पोराने, म्हणजे माझ्या पुतण्याने, ती नव्याने उभी करायला काढली. मला म्हणाला, "तात्या, तुम्हाला तिची सगळी माहिती, चला." गेलो. मिस्त्रीने तळावर हातोडी फिरवली. एका जागी थांबला, छन्नी घातली, आणि रंगाखालून बोटभर जाडीचा पुट्टीचा पोपडा निघाला. त्याच्याखाली गोणपाटाचा बोळा, आणि बोळ्याखाली सरळ जमीन दिसत होती.

"कुणी तरी फसवलंय तुम्हाला," मिस्त्री म्हणाला.

पुतण्या म्हणाला, "अहो, गाडी घराबाहेर कधी गेलीच न्हाई. कोण फसवणार?"

मी चहा सांगायला बाहेर गेलो.

१९९८ साली आमची वाटणी झाली. पंचांनी जीप धाकट्याला दिली आणि तिच्या बदल्यात विहिरीवरचं इंजिन नि दोन गाया माझ्याकडे आल्या. त्याच्या पंधरा दिवस आधी मी जीप रंगवून आणली होती. भोकं बुजवणाऱ्याला मीच म्हणालो होतो, "वरून गुळगुळीत दिसली म्हंजे झालं." पंचांनी गाडी पाहिली, हात फिरवला, किंमत धरली. मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी खोटं बोललो नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो.

न बोललेलं खोटं हे खोटं असतं का? मला वाटायचं, नसतं. पण पुट्टी काय करते ते मिस्त्रीने दाखवलं. ती गंज थांबवत नाही, नुसता झाकते. कुठून तरी ओल आत शिरते आणि वाळायला वाट मिळत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा धरतो, म्हणून तो फुगतो, रंगाला फोड आणतो आणि शेजारचा चांगला पत्राही धरतो. तेव्हाच सांगितलं असतं तर हातभर ठिगळात भागलं असतं. आता अर्धा तळ कापावा लागला. झाकलेली गोष्ट तेवढीच राहत नाही, वाढते.

मिस्त्रीचं काम मी आठ दिवस बघत बसलो. गंजाच्या कडेला न थांबता तो वीतभर पुढं, चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापत गेला. वरून बरा दिसणारा पत्राही त्यात गेला. मी हळहळलो तर म्हणाला, "कुजक्याला टाका बसत नसतो." मग पुठ्ठ्याचा फर्मा कापला, त्यावरून अठरा गेजचा पत्रा. जुन्या तळाला मजबुतीसाठी पन्हळी होत्या, तशा त्याने हातोडीने ठोकून काढल्या. वेल्डिंगचा एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये गार होऊ द्यायचं, नाही तर पत्रा तापून वाकतो.

निम्मा पत्रा नवा झाल्यावर पुतण्याने विचारलं, "आता ही आज्याची जीप म्हणायची का?" मला आमच्या नेवाशाचा पैस खांब आठवला. १२९० साली ज्ञानेश्वर महाराजांनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली म्हणतात, तो खांब तसाच आहे. भोवतीचं मंदिर नंतरचं आहे. खांबाला धक्का न लावता भोवती नवं बांधलं, म्हणून जागा तीच राहिली. आमच्या जीपची चासी आबांच्या वेळची आहे. तेवढं पुरे.

मागच्या फाळक्याला एक पोचा होता. आबांनी उलटी घेताना गोठ्याच्या खांबाला धडकवली होती, त्याचा. मिस्त्री तो काढायला निघाला, मी हात धरला. नगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथल्या एखाद्या रणगाड्याचं गोळ्याने पडलेलं भोक कुणी बुजवलं तर लढाई झालीच नाही असं दिसेल. पोचा म्हणजे झालेली गोष्ट, ती राहू द्यावी. गंज म्हणजे रोग, तो कापावा. आणि पुट्टी म्हणजे झालेलं झालंच नाही असं म्हणणं. या तिन्हींतला फरक कळायला मला साठी ओलांडावी लागली.

त्या रात्री धाकट्याच्या ओट्यावर गेलो आणि सांगून टाकलं. तो सुपारी कातरत होता. वर न बघता म्हणाला, "दादा, पहिल्याच पावसात पायाखालून पाणी आलं होतं."

"मग तेव्हा का न्हाई बोलला?"

"आबा होते ना तेव्हा."

बराच वेळ आडकित्त्याचा आवाज. मग म्हणाला, "पत्र्याचे पैसे तू देणार का?"

"देतो."

"अन् मजुरी?"

"ती बी."

"मंग ठीक."

पैसे दिले म्हणून सगळं फिटलं असं मी म्हणत नाही. त्या इंजिनाचं पाणी मी इतकी वर्षं पिकाला दिलं, त्याचा हिशेब कुठल्या वहीत मांडणार? पण पुढच्या अमावास्येला तो जेवायला आला, कुणी बोलवायला न जाता.

मिस्त्रीने नव्या तळाला चार बारीक भोकं ठेवली आहेत. मी विचारलं, ही कशाला? म्हणाला, "पाणी येणारच, ते साचू द्यायचं न्हाई." आणि धाकट्याने घरात सगळ्यांना बजावलं आहे, या गाडीत खत भरायचं नाही. मला दोनदा बजावलं.