वायरिंग बिघडलंय म्हणताना

"दादाच्या मेंदूतलं वायरिंग बिघडलंय, त्याचा काही दोष नाही," असं मी वाशीच्या घरी म्हणालो, तेव्हा काकू कितीतरी दिवसांनी मोकळं रडल्या. चुलतभावाला आवाज ऐकू येत. त्याचं कारण कुणी करणी सांगे, कुणी लाड, कुणी आळस. मी इंजिनिअर असल्यामुळे माझं वाक्य देवऋषाच्या अंगाऱ्यापेक्षा भारी ठरलं.

वाक्य निराधार नव्हतं. माणूस स्कॅनरमध्ये नुसता पडून असतानाही मेंदूच्या दोन्ही बाजूंचे हालचाल सांभाळणारे भाग एका लयीत वरखाली होतात, हे भारत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये दाखवलं. पुढे याच पद्धतीने स्किझोफ्रेनियाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या लोकांचे मेंदू तपासले गेले. अनेक अभ्यासांत थॅलॅमस आणि कपाळामागचा भाग यांचा मेळ कमी आढळला, तर थॅलॅमस आणि संवेदना-हालचालींचे भाग यांचा जास्त.

पण या स्कॅनमध्ये तारा दिसत नाहीत. रक्तातल्या ऑक्सिजनमुळे बदलणारा संकेत मोजतात. दोन भागांचे संकेत बरोबरीने चढले-उतरले की त्याला जोडणी म्हणतात. आणि सापडतो तो फरक गटांच्या सरासरीतला. एकट्या दादाचा स्कॅन पाहून त्याला हा आजार आहे की नाही, हे सांगता येत नाही. निदान आजही त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलूनच होतं.

माझ्या वाक्यानंतर घरात नेमकं हे बोलणंच थांबलं. दादा म्हणाला, गोळीने हात थरथरतात. उत्तर आलं, "आजार बोलतोय." म्हणाला, शेताच्या वाटणीच्या बैठकीत मलाही बसू द्या. तेच उत्तर. खरं तर २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की, केवळ मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून कुणी विकलमनस्क ठरत नाही. तसं न्यायालयाने जाहीर करावं लागतं. आमच्या घरात ते माझ्या एका वाक्याने ठरलं. आळशी म्हणून शिव्या देणारेही निदान त्याच्याशी बोलत होते.

आजार कधीच बोलत नाही, असं माझं म्हणणं नाही. शेजारी विहिरीत विष टाकतात, हे दादाचं म्हणणं मीही खरं मानलं नव्हतं. मात्र त्यावरून त्याचं प्रत्येक म्हणणं आधीच खोटं धरायला कुठल्याच स्कॅनचा आधार नाही.

डॉ. जगन्नाथ वाणी कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. 'देवराई' या चित्रपटामागे ते होते, आणि पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनही त्यांनी उभी केली. तिथे रुग्ण आणि कुटुंबीय गटात बसून एकमेकांशी बोलतात. ज्याचं आयुष्य सरासऱ्यांत गेलं, त्या माणसाने एकेकाचं ऐकण्याची सोय करावी, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

गेल्या खेपेला डॉक्टरांसमोर मी गप्प बसलो. दादाने स्वतःच हात पुढे केले. थरथर दिसत होती.