विद्येचा योगक्षेम

कला जगते कोणाच्या जिवावर? पुष्कळ जण म्हणतात, ती मुळात अंगीच असावी लागते. शास्त्रकार दोन शब्द वापरतात: नसलेले मिळणे हा योग, मिळालेले राखणे हा क्षेम. गोड गळा जन्माने मिळेल. पण त्याचा क्षेम एकट्याच्याने होत नाही, असे आम्हांस वाटते.

वै. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथील विद्यार्थी माधुकरी मागून शिकत. गावाच्या त्या भाकरीने पाठांतराला, मृदंगाला वेळ दिला आणि अहंकाराला जागा ठेवली नाही. दूर आयर्लंडातही जुने लोकसंगीत लोपेल या काळजीने १९५१ साली वादकांनी संस्था उभारली. थोरांचे ऐकून धाकट्यांनी सूर उचलायचा, ही रीत तिथेही आहेच.

कोणी म्हणेल, "बुवा, गाणाराला पोट नाही का?" आहे ना! पण हरिकथेचे मोल करू नये, हे तुकोबांनी बजावले आहे. मग गावाने पोट सांभाळावे आणि गाणाराने सौदा करू नये. यातच दोघांची अब्रू आहे. सौदा आमच्या काष्टीच्या बैलबाजारात शोभतो, कीर्तनात नाही.

आणि खाल्लेल्या भाकरीचे ऋण? ते पैशाने फिटत नाही. गावातल्या एका तरी पोराच्या हाती टाळ द्यावा, त्याला ताल शिकवावा. नांगरट नसली म्हणून बैलाची वैरण कोणी बंद करतो काय? तसे सप्ताह नसला तरी देवळात रोज भजन व्हावे. रामकृष्णहरी.