कळ येण्याआधीचा श्वास

कंबरदुखीने महिनोन्‌महिने बेजार झालेला माणूस खुर्चीतून उठतो, तेव्हा त्याच्याकडे नीट पाहावं. हात गुडघ्यांवर टेकतात, जबडा आवळला जातो, खांदे कानांकडे चढतात आणि श्वास अडतो. कळ अजून आलेलीच नसते. ती येणार या धास्तीनेच पाठीचे स्नायू ताठ झालेले असतात, आणि ताठलेल्या पाठीने उठायचं म्हटलं की कळ यायचीच. पुढच्या वेळी धास्ती थोडी वाढलेली असते. जुनाट दुखण्याचा बराचसा पसारा या अडलेल्या श्वासाभोवती वाढतो, असं मला वाटतं. म्हणूनच संथ श्वास आणि सावकाश हालचाल यांना मी ‘करून बघा, झाला तर फायदा’ अशा घरगुती उपायांच्या रांगेत बसवत नाही.

वेदना ही इजेच्या मापात येत नाही, हे शास्त्राने मान्य करूनही आता बराच काळ लोटला. मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी १९६५ साली मांडलं की, इजेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत अडवला किंवा मोकळा सोडला जाऊ शकतो, आणि मेंदूही वरून त्यावर परिणाम करतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारली. तिच्यातही वेदना हा संवेदनेइतकाच भावनेचा अनुभव मानलेला आहे. यावरून ‘म्हणजे सगळे मनाचेच खेळ’ असं कोणी म्हणू लागलं, तर त्याला तिथंच थांबवायला हवं. दुखणं खरंच असतं. मात्र किती दुखावं हे ठरवताना मज्जासंस्था इजेबरोबर भीती, झोप, एकटेपणा, उद्याची चिंता हेही जमेस धरते.

आपल्याकडे ही भीती घालायला आपण सगळेच हातभार लावतो. एमआरआयचा रिपोर्ट येतो, त्यात चकतीची झीज लिहिलेली असते. शेजारी सांगतात, ‘गादी सरकलीय, आता वाकायचं नाव काढू नका.’ कोणी पट्टा आणून देतं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांत अशी झीज दिसली होती. केस पिकतात तसंच हे. पण रिपोर्ट हातात पडलेल्या बाईला हे कोणी सांगत नाही. ती वाकणं सोडते, मग चालणं कमी करते, स्नायू दुबळे होतात आणि दुखणं घरात मुक्काम ठोकतं.

यात श्वास कुठे येतो? हृदयाचे ठोके आपण हुकूम देऊन कमी करू शकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपलंही ऐकतो. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना कमी होते. या मंदावण्यामागे मेंदूतून छाती-पोटाकडे उतरणारी व्हेगस नाडी असते. उच्छ्वास लांबवला की शरीराला विसाव्याकडे नेणारी ही यंत्रणा बळावते. एरवी मिनिटाला बारा ते वीस श्वास होतात. ते सहाच्या आसपास आणले की हृदयगती आणि रक्तदाब यांची लय जुळते. २००१ साली इटलीतल्या डॉक्टरांनी दाखवलं की, लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि मंत्र जपताना माणसं नकळत याच गतीला येतात.

हे वाचताना मला जात्यावरच्या ओव्या आठवतात. खुंट्याला दोघींचे हात, कमरेपासून फिरणारं अंग, आणि दळणाच्या लयीत गायलेली ओळ. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांत सासर, माहेर, लेकरं, दुःख सगळं आहे. ते दळण कष्टाचंच होतं. त्याला आरोग्याचा व्यायाम म्हणणं हा त्या बायकांवर अन्याय ठरेल. पण श्वास, हालचाल आणि मनातलं ओझं बोलून टाकणं ही तीन कामं त्या एकदम करत होत्या, हे नाकारता येत नाही.

योगाची ही बाजू प्रयोगशाळेत नेली ती स्वामी कुवलयानंदांनी. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभं करून त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या मदतीने यौगिक क्रियांचा अभ्यास केला आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. ‘होतं’ म्हणण्यापेक्षा ‘किती होतं’ हे मोजायची ती वृत्ती मला आजही मोलाची वाटते. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दुसरं काम केलं. खुर्ची, लोड, पट्टे, लाकडी विटा, दोर यांच्या आधाराने त्यांनी आजारी माणसालाही आसन खुलं केलं. ज्याला जमिनीवर बसता येत नाही, त्याचाही योगावर हक्क आहे, हे त्यातून रुजलं.

प्रत्यक्षात करायचं ते साधं आहे. पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत, तळपाय जमिनीवर ठेवावेत, एक हात पोटावर आणि एक छातीवर. मनात चार मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा. पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळपास तसाच राहावा. इथं एक चूक सर्रास होते: खोल श्वास म्हणजे भरपूर हवा असं समजून लोक जोरजोरात श्वास ओढतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. श्वास संथ हवा, मोठा नको. तो स्थिरावला की उच्छ्वासाबरोबर दोन्ही गुडघे जरासे एका बाजूला कलू द्यावेत, श्वास घेत मध्ये आणावेत, मग दुसरीकडे. श्वास अडतो तिथं हालचाल थांबवायची आणि थोडं मागं यायचं. खुर्चीतून उठतानाही तेच: उठत उठत श्वास सोडायचा.

याने सगळ्यांचं दुखणं जात नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ साली जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांआधी व्यायाम, योग, ताई ची, सजगतेचा सराव सुचवला खरा, पण यांचा लाभ बहुधा माफकच असतो. माफक लाभही मोठा असतो, कारण नातवाला उचलता येणं किंवा रात्री सलग झोप लागणं एवढंच पुष्कळांना हवं असतं. मला राग येतो तो दोन गोष्टींचा. श्वासाने कॅन्सरपासून मधुमेहापर्यंत सगळं बरं होतं असं सांगून लोकांची औषधं थांबवणाऱ्यांचा. आणि बारा-बारा तास राबवून घेऊन कर्मचाऱ्यांसाठी प्राणायामाचं शिबिर भरवणाऱ्या मालकांचा. तिथं आधी कामाचे तास कमी करायला हवेत.

पाय बधिर पडत असेल, त्यातली शक्ती जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, सोबत ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर श्वास मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा. आणि डॉक्टरांना एक कळकळीची विनंती: रिपोर्ट हातात देताना ‘या वयात असं दिसतंच, हळूहळू हालचाल चालू ठेवा’ हे वाक्य जरूर बोला, आणि पेशंट दाराबाहेर जाण्याआधी खुर्चीतून श्वास सोडत कसं उठायचं ते एकदा त्याच्याकडून करून घ्या.